गुडघ्याला धरलेली कालवं

"ऑपरेशन झालं, आता आराम करा." हे वाक्य आमच्या किनाऱ्यावर ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याने जेवढे गुडघे वाया घालवले तेवढे शेवाळलेल्या पायऱ्यांनीही घालवले नसतील. तू कोण आहेस, मला माहीत नाही. शेजारीण असशील, मुंबईहून फोन करून सल्ले देणारा भाचा असशील. पण एकदा माझ्या टेबलावर ये. तुझाच पाय वाकवून दाखवते!

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरात शिकले. वर्गातले बहुतेक जण पुण्याला गेले आणि मी मालवणला परत आले, लोकांची सेवा करायला. हे वाक्य मी इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात मुलाखतीला म्हणून दाखवलं होतं. समोरच्या काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हंजे रोज येतलंस मां?"

रोज येते. एक खोली, दोन टेबलं, एक व्यायामाची सायकल. नोंदींसाठी मी एक वही घातली. डावीकडे पेशंटचं नाव, उजवीकडे गुडघा किती अंश वाकतो तो आकडा. पहिल्याच महिन्यात कोण काय बोललं ते समासात लिहायला लागले. आता वहीत आकडे शोधावे लागतात, बाकी सगळा समासच आहे!

त्यातले हे काही. सगळे मंगळवार-शुक्रवारच्या दुपारच्या बॅचमधले. या बॅचमधल्या प्रत्येकाच्या पायात निदान एक तरी नवा गुडघा आहे, धातूचा आणि प्लॅस्टिकचा.

*

शेवंताकाकी पहिल्यांदा आली ती रिक्षातून, आडवी. मासळी मार्केटात चाळीस वर्षं बसलेली बाई. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेले, आणि उजवा पाय वल्ह्यासारखा सरळ रिक्षाबाहेर आलेला. त्याच्या अंगठ्याला रिक्षावाल्या दाजीने लाल फडकं बांधलं होतं.

"दाजी, हे काय?"

"मॅडम, बांबू भायर इलो काय लाल फडको लावूक व्हयो. नियम आसा."

आतून आवाज आला, "बांबू तुजो बापूस!"

मी गुडघा मोजला. बासष्ट अंश. पाच आठवड्यांनी बासष्ट! मी विचारलं, "काकी, हॉस्पिटलने व्यायामाचा कागद दिला होता ना?"

"दिलो मां."

"मग?"

सुनेने अभिमानाने मोबाईल पुढे केला. फोटोत देवघर होतं. गणपती, दत्त, सातेरी, आणि त्यांच्या शेजारी व्यायामाचा कागद. लॅमिनेट केलेला. वरच्या कोपऱ्यात हळदकुंकू.

"इतक्या मोठ्या डॉक्टरान दिलेलो कागद," काकी म्हणाली, "खंयय कसो टाकूचो? रोज नमस्कार करतंय!"

फाईलमध्ये सर्जनची चिठ्ठी होती. नवव्या आठवड्यात सोमवारी दाखवायला आणा. तोवर गुडघा नव्वद अंश वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन, टेबलावर झोपवून, आम्ही वाकवू.

म्हणजे माझ्याकडे चार आठवडे होते आणि अठ्ठावीस अंश कमी.

*

गुडघा का वाकत नाही, हे समजावणं माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. आत परकी वस्तू बसवली, जखम झाली, की शरीर ती भरून काढतं. त्या भरण्यातून जो वण तयार होतो तो नुसता कातडीवर नसतो, आत सांध्याभोवतीही असतो. पहिले काही आठवडे तो मऊ असतो, हलवत राहिलं तर हलायला शिकतो. नाही हलवलं तर चामड्यासारखा आवळत जातो. कॉलेजात याला आम्ही स्कार टिश्यू म्हणायचो आणि मार्क मिळवायचो. इथे म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "गोळी नाय त्येका?"

त्या दिवशी सायकलवर बाबी तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, आणि बाबीकाका निवृत्त झाला तरी बोलणं अजून वल्हवणाऱ्यांना हुकूम सोडल्यासारखंच. त्याच्याकडे बघून मला एकदम सुचलं.

"काका, होडी पाण्यात उभी राहिली तर बुडाला काय होतं?"

"कालवां धरतत."

"आणि रोज फिरवली तर?"

"कमी धरतत. तरी वरसातून एकदा खरडूची लागतंच."

"तसंच आहे! आत बसवलेल्या गुडघ्याला कालवं धरतात. पाय चालता ठेवला तर कमी. आणि खरडणं आयुष्यभर."

सगळ्या माना डोलल्या. सगळ्यांना कळलं! मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली. शिक्षण असं लोकांच्या भाषेत न्यायला हवं, वगैरे वगैरे.

या थापेची किंमत पुढे येते.

*

शेवंताकाकीचा पाय वाकवायला घेतला की ती गुडघा सोडून बाकी सगळं वाकवायची. कंबर, मान, भुवया. आणि तोंड थांबायचं नाही.

"आज सत्तरपर्यंत जाऊ," मी म्हणाले.

"पासष्ट घे."

"काकी, हे मासे नाहीत."

"मगे? सकाळची येळ, भवानी आसा, अडसष्ट देतंय. घे नि जा!"

"दुपारचे तीन वाजलेत. बहात्तर."

"बहात्तराक तुका कोण देता? पलीकडे बग जा खंय मिळतत तर!"

मी दाबत गेले. ती ओरडत होती आणि भाव वाढवत होती. "एकोणसत्तर! सत्तर! आता एक अंश पण वर नाय, मेले, घरात खातली तोंडां आसत माजी!" मोजलं तर चौऱ्याहत्तर भरले. तिला घासाघिशीच्या नादात कळलंच नाही.

तेव्हापासून मी नव्वदवरून सुरू करायचं आणि तिने साठवरून. पहिल्यांदाच मला वाटलं की चाळीस वर्षांच्या धंद्यात जे हाडात मुरलंय तेच औषध आहे.

पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गाडी अठ्ठ्याहत्तरवर अडली ती अडलीच. आणि मी चिडले. मला धीर नाही, हा माझा दोष सगळ्यांना माहीत आहे. मी हातातला टॉवेल टाकला. "नका वाकवू! नवव्या आठवड्यात जा, झोपवतील आणि करकचून वाकवतील. मला काय!"

काकी छताकडे बघत म्हणाली, "मगे पाट सुकतलो."

मला कळलं नाही. बाबीकाकाने सांगितलं. मार्केटात बायका पालथ्या क्रेटवर पाट ठेवून बसतात, जमिनीपासून दीड वीत. पुढ्यात मासळीची पाटी, त्यामुळे पाय लांब करायला जागा नाही. प्रत्येकीची जागा सासूकडून आलेली, कागद कुणाकडेच नाही. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर शेजारणीने तिच्या पाटावर रोज सकाळी पाणी मारायचं. पाट ओला आहे तोवर जागा तिची. सुकला की जागा मोकळी, जी बसेल तिची.

"आणि तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"पारवती."

खोलीत सगळे एकदम खाकरले. शेवंता आणि पारवती अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. एका गिऱ्हाइकावरून आणि एका इसवणावरून, म्हणजे सुरमईवरून. इसवण कुणाचा होता यावर अजून दोन मतं आहेत, गिऱ्हाईक कधीच वारलं.

"तरी ती पाणी मारते?"

"भांडण येगळा, पाट येगळो," काकी म्हणाली. "पण किती दिस मारतली? परत भूल, परत दोन म्हयने घरात... सख्खी भयण पण कंटाळतली. मी चाळीस वरसां थंय बसलंय गो. घरात माका कोण इचारता? थंय बसलंय काय सगळो मालवण माका इचारता, काय ताजा आसा ता."

मी टॉवेल उचलला. "नव्वद," मी म्हणाले.

नाक पुसत ती म्हणाली, "साठ."

*

आता ती थापेची किंमत.

बाबीकाकाची जखम भरली तेव्हा मी त्याला सांगितलं, बाहेरच्या वणाला रोज तेल लावून दहा मिनिटं चोळायचं, म्हणजे कातडी खालच्या थराला चिकटून बसत नाही. कुठलं तेल, ते सांगितलं नाही. कोकणात तेल म्हणजे खोबरेल, हे काय सांगायचं?

मंगळवारी काका आला तो लुंगी वर खोचून. नडगीवर बशीएवढा लालभडक पट्टा, त्यावर फोड.

"काका! हे काय लावलंत?"

"तेल. तूच सांगलंस."

"कसलं तेल?"

"होडयेक लावतो ता. काजीच्या टरफलाचा."

काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावतात, किड्यांनी खाऊ नये म्हणून. ते हाताला लागलं तरी कातडी सोलून निघते. नव्या गुडघ्यावरच्या वणातून जंतू आत गेले तर सगळा सांधा उघडावा लागतो!

"अहो, पण का?"

काका माझ्याकडे असं बघायला लागला की वेडी मी आहे. "कालवां धरतत म्हणान तू सांगलंस. तेल लाव म्हणान तू सांगलंस. कालवांक दुसरा खयचा तेल लावतत?"

मी धावत डॉक्टरांना बोलावून आणलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय तपासला. फोड वणापासून चांगली चार बोटं खाली होते, गुडघा शाबूत. मी हुश्श केलं आणि विचारलं, "पण तुम्ही नडगीवर कसं लावलंत, गुडघा सोडून?"

"पयला कोपऱ्याक लावन बगूचा," काका म्हणाला. "होडयेक पण तसाच करतो. आमी काय अडाणी?"

तेव्हापासून मी कालवांचा दाखला द्यायचं बंद केलं आहे. दुसरा दाखला शोधते आहे, ज्यात तेल नसेल.

*

रोझी टीचर म्हणजे बॅचमधली सीनियर. दोन्ही गुडघ्यांना दोन वर्षं झालेली. शाळेत भूमिती शिकवायच्या, त्यामुळे माझं कोनमापक पहिल्याच दिवशी त्यांनी काढून घेतलं. "तुझा हात हलतो," म्हणाल्या.

ऑपरेशननंतर सहा महिने टीचरनी व्यायाम इतका काटेकोर केला की त्यांचा पाय एकशे पंचवीसपर्यंत जायचा. मग एक दिवस बंद. दीड वर्षाने चर्चमध्ये बाकावरून उठता येईना, तेव्हा परत आल्या.

"टीचर, व्यायाम का थांबवला?"

"पूर्ण झाला."

"काय पूर्ण झालं?"

"कोर्स. हॉस्पिटलच्या पुस्तिकेत पाठ सहा आहेत. सहाही झाले. मी रिव्हिजनसुद्धा केली!"

"टीचर, या विषयाला शेवटचा पाठ नसतो."

टीचर म्हणाल्या, "मग परीक्षा कशावर घेतात?"

शेवटी परीक्षा त्यांनीच घ्यायला सुरुवात केली. बॅचच्या प्रत्येकासाठी एक प्रगतिपुस्तक. दर शुक्रवारी कोन, तांबड्या शाईत शेरा आणि खाली पालकाची सही. बाबीकाकाच्या पुस्तकात लिहिलं, 'प्रगती समाधानकारक, वर्तन तेलकट.' सही करायला पुस्तक बायकोकडे गेलं. बायकोने सही केली नाही. उलट शेऱ्याखाली लिहून पाठवलं, 'घरी पण असाच.'

शेवंताकाकीच्या पुस्तकात तिसऱ्या शुक्रवारी एक्क्याऐंशी होते. टीचरनी शेरा लिहिला, 'आणखी नऊ.' काकीला वाचता येत नाही. ते पान तिने दाजीकडून वाचून घेतलं, रिक्षात बसल्या बसल्या. दाजी म्हणाला, "काकी, सगळ्या मार्केटाक सांगू?"

"सांग तर खरा, रिक्षासकट बुडयतंय!"

दाजी रोज सकाळी मार्केटात जाऊन पाट बघून यायचा आणि काकीला आणायला गेला की दारातूनच ओरडायचा, "ओलो आसा!" हा आमच्या बॅचचा हवामान अंदाज होता. ओला असला की काकी दोन अंश जास्त द्यायची.

*

आता शेवटचा शुक्रवार. सोमवारी सर्जनची तारीख. गेल्या खेपेपासून काकी चौऱ्याऐंशीवर थांबलेली. मी शेक दिला, सायकलवर बसवलं, चोळलं, घासाघीस केली. चौऱ्याऐंशी. टीचरनी तीनदा मोजलं. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी आणि त्र्याऐंशी. मी सर्जनला द्यायची चिठ्ठी लिहायला घेतली. पेन चालत नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं, पण पेन चांगलं होतं.

तेवढ्यात दाजी आला. नेहमी दारातून ओरडणारा माणूस त्या दिवशी आत येऊन चप्पल काढून उभा राहिला.

"काकी, एक सांगू? आज पाट सुको."

बाबीकाकाची सायकल थांबली.

काकी म्हणाली, "पारवती मेली काय?"

"नाय. बसलीसा. तुज्याच जाग्यार."

त्या बाईला टेबलावरून उतरायला एरवी माझा हात, स्टूल आणि चार मिनिटं लागायची. ती उतरलेली मला दिसलीच नाही! दिसली ती रिक्षात. पाय या वेळी बाहेर नव्हता, कसा ते देवाला माहीत. मी टीचरच्या हातातलं कोनमापक पर्समध्ये कोंबून पुढे दाजीच्या बाजूला अर्धी बसले. मागे टीचर ओरडत होत्या, "वर्ग सुटलेला नाही!"

मार्केटात संध्याकाळची मासळी नुकती आली होती. पारवती खरंच काकीच्या जागेवर. स्वतःची पाटी तिने पुढ्यात मांडलेली, बाजूला विळीवर इसवण. पाट वरून कोरडा ठक्क.

काकी काठी टेकत समोर उभी राहिली. बायकांचा गलबला हळूहळू थांबला. अकरा वर्षांनी दोघी समोरासमोर तोंड उघडणार होत्या, भाव कोण विचारतो!

"गो पारवते! ऊठ थंयसून!"

पारवतीने इसवणाचा एक तुकडा पाडला. "पाट सुको आसा. बसूक येता तर बस. नाय येणा तर घराक जा, सून पेज देतली ती खा."

"माज्या सासूची जागा ती!"

"सासू उभ्यान इकी नाय मासळी."

पारवती उठून बाजूला सरकली. अगदी हातभरच. पाटी मात्र तिथेच ठेवली. आता पाय लांब करायला जागा नव्हती.

काकीने काठी माझ्या अंगावर फेकली, लुगडं आवळलं, पारवतीच्या सात पिढ्यांचा उद्धार एका श्वासात सुरू केला आणि त्या श्वासाच्या मध्यावर खाली बसली.

कर्र.

तो आवाज मी ऐकला, आतला वण सुटल्याचा की वाटी सरकल्याचा, कळेना. काकीचं तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, उद्धार तिसऱ्या पिढीवर थांबलेला. मी तशीच ओल्या फरशीवर गुडघे टेकले. वाटी जागेवर होती. पाय हलत होता, बोटं हलत होती. "दुखतंय?" मी विचारलं. "मगे काय गुदगुल्यो होतत?" ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

कोनमापक लावलं. माझा हात हलत होता, टीचर म्हणतात ते खरं आहे. पाटाच्या खालच्या ओल्या बाजूचं पाणी क्रेटच्या फटीतून माझ्या मनगटावर ठिबकत होतं, ते झटकलं आणि पुन्हा लावलं. मग आकडा पुन्हा वाचला. मागे दाजी छतावरचे कावळे मोजत होता.

पारवतीने विळी पायाखाली घट्ट धरली, इसवणाचं डोकं वेगळं केलं आणि मान वर न करता मला विचारलं, "काय गो चेडवा, नव्वद झाले मां?"